लाकडी ग्लायडरची प्रतिकृती आणि विज्ञानाचे शिक्षण

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या काठी, इलेक्ट्रॉनिक सिटी ही विस्तीर्ण उद्योगवसाहत आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर ती वसविली. २०१० साली तिला शहराशी जोडणारा उन्नत मार्ग खुला झाला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका तेथवर पोहोचली. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव येथून आलेली अनेक मराठी कुटुंबे या वसाहतीच्या आसपास राहतात. वसाहतीत जे काम चालते त्याचा फार मोठा भाग हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तो संगणकाच्या स्मृतीत जन्मास येतो आणि तारांवाटे देशोदेशी जातो.

या घरांतील मुलांना विमानोड्डाणाची पडद्यावरील नक्कल लहानपणापासून परिचित असते. तीत विमान कोसळले तरी एक कळ दाबताच ते पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. त्याच मुलांपैकी रंधा किंवा पटाशी हातात धरलेली मुले मात्र थोडी. लाकडाला रेषा असतात व त्या रेषेच्या दिशेनेच ते बळकट असते, ही गोष्ट त्यांनी फार तर पुस्तकात वाचलेली असते.

हा प्रश्न केवळ एका वसाहतीचा राहिलेला नाही. २०१६ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून देशातील सुमारे दहा हजार शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' नावाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी पन्नास हजार शासकीय शाळांत अशा प्रयोगशाळा काढण्याचा संकल्प जाहीर झाला. एवढ्या मोठ्या खर्चातून शाळांच्या कपाटांत काय येणार, याचा विचार वेळीच झाला पाहिजे. तयार भागांच्या पेट्या, चार पात्यांचे तयार ड्रोन आणि त्रिमितीय मुद्रणयंत्र एवढेच जर आले, तर विद्यार्थी जुळणी शिकेल. वस्तू घडविण्याचे शिक्षण त्यास मिळेलच असे नाही. अशा प्रत्येक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या एका गटाने वर्षातून एक लाकडी ग्लायडर, खऱ्या ग्लायडराची प्रमाणबद्ध व रेडिओने नियंत्रित होणारी प्रतिकृती, स्वतःच्या हातांनी बांधावी, असे प्रस्तुत पुस्तिकेचे प्रतिपादन आहे.

ग्लायडरच का?

इंजिन नसलेल्या विमानास ग्लायडर म्हणतात. त्याला पुढे नेणारी शक्ती त्याच्या स्वतःच्या वजनातूनच मिळते. उतारावरून सोडलेली गाडी जशी घरंगळत जाते, तसा ग्लायडर हवेच्या अदृश्य उतारावरून खाली येत असतो. तो उतार किती सौम्य असावा हे पंखांचे उत्थापक बल आणि हवेचा रोध यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर १५ असेल, तर ५० मीटर उंचीवर सोडलेला ग्लायडर शांत हवेत ७५० मीटर अंतर कापून जमिनीवर टेकेल. त्याचा वेग सेकंदाला ९ मीटर असेल, तर तो दर सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर खाली येईल. भोवतालची हवा उन्हाने तापून सेकंदाला एक मीटर वेगाने वर चढत असेल, तर तोच ग्लायडर खाली येत असूनही जमिनीपासून सेकंदाला ४० सेंटिमीटर वर जाऊ लागतो. तापल्या माळरानावर घारी पंख न हलविता घिरट्या घालीत वर जातात, त्याचे रहस्य हेच.

शिक्षणाच्या दृष्टीने ग्लायडराचे महत्त्व असे की, त्यात दोष लपविण्यास जागा नाही. चार पात्यांच्या ड्रोनमध्ये तोल सांभाळण्याचे काम संवेदक आणि लहानसा संगणक क्षणोक्षणी करीत असतात. सांगाडा थोडा वाकडा असला तरी मोटारी अधिक वीज खाऊन ते वाकडेपण झाकून टाकतात. ग्लायडराजवळ असा उदार मदतनीस नसतो. एका पंखाला किंचित पीळ पडला असेल, तर तो एका बाजूस वळेल. शेपटी जड झाली असेल, तर तो नाक वर करील, वेग गमावील आणि डुबक्या खात खाली येईल. बांधणाऱ्याने जे केले त्याचा निकाल हवा लगेच देते, आणि त्या निकालावर अपील नसते.

उड्डाणविद्येचा इतिहासही याच मार्गाने गेला आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने १८०४ साली एका काठीवर पतंग पंखासारखा बसवून आणि मागे हलविता येणारी शेपटी जोडून लहानसा ग्लायडर केला. आधुनिक विमानाची मांडणी त्यात प्रथम दिसते. राइट बंधूंनी १९०१ साली आपल्या ग्लायडराच्या निराशाजनक उड्डाणांनंतर एक लहान वातविवर तयार केले, त्यात पंखांच्या छोट्या प्रतिकृती तपासल्या आणि मगच पुढचा ग्लायडर बांधला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध आले, तेव्हा तेथील विद्यार्थी १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या टेकडीवर ग्लायडर घेऊन जाऊ लागले. हॅनोवर येथील विद्यार्थिगटाच्या १९२१ सालच्या 'व्हँपायर' या लाकडी ग्लायडरात पंखाची पुढची कड पातळ प्लायवूडने मढवून तिची बंद पेटी केलेली होती. पंखास पीळ पडू न देण्याची ही युक्ती आजही प्रत्येक चांगल्या लाकडी प्रतिकृतीत वापरली जाते. साधने कमी असली म्हणजे विचार अधिक करावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

बंगळूरचा वारसा

ही विद्या बंगळूरला परकी नाही, आणि मराठी माणसालाही नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. या कारखान्यातील आरंभीच्या आरेखनकारांत डॉ. विष्णु माधव घाटगे हे अग्रगण्य होते. १९०८ साली कोल्हापूर भागात जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली होती. गटिंगेनच्या वातविवरात मोजलेले पंखांचे छेद त्या काळच्या अनेक ग्लायडरांत वापरले जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाटगे यांनी बंगळूरच्या कारखान्यासाठी आखलेले पहिले वायुयान म्हणजे दहा आसनांचा एक ग्लायडरच होता. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली सुरू झालेल्या विमानविद्या विभागाच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख वाटा होता. त्यांच्या आरेखनातून साकारलेले एचटी-२ हे शिक्षणविमान १९५१ साली आकाशात गेले. भारतातील विमानरचनेच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक पायरी अशी इंजिनाविना चढली गेली.

पुढे नवी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरील नागरी विमानवाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात भारतीय ग्लायडरांची एक मालिकाच तयार झाली. 'अश्विनी' १९५८ साली, 'रोहिणी' १९६१ साली आणि 'कार्तिक' १९६३ साली उडाला. ही सर्व ग्लायडरे लाकडाची होती. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रासारख्या ठिकाणी तरुणांच्या अनेक पिढ्यांनी ग्लायडरात बसून उड्डाणाचे पहिले धडे घेतले. पुढे काचतंतूंच्या गुळगुळीत पंखांचे युग आले आणि लाकडी ग्लायडरे मागे पडली.

शाळेने प्रतिकृतीसाठी विषय निवडताना परदेशी ग्लायडराकडे वळण्याचे कारण नाही. पंधरा मीटर पंखविस्ताराचा एक आसनी 'कार्तिक' अथवा शेजारी-शेजारी दोन आसने असलेला 'रोहिणी' यांची प्रतिकृती करणे म्हणजे आपल्याच तंत्रज्ञांचे काम नव्याने समजून घेणे होय. संग्रहालयात टांगलेली वस्तू पाहिली जाते. जिची प्रतिकृती बांधली, ती वस्तू कळते. मूळ आरेखनकाराने पंखाची तुळई येथेच का ठेवली, शेपटीचा दांडा एवढाच लांब का केला, हे प्रश्न पाहणाऱ्यास पडत नाहीत. ते करवत हातात घेणाऱ्यास पडतात.

लहान करण्याचे गणित

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तू केवळ आकाराने लहान केलेली, असा सामान्य समज आहे. तो अपुरा आहे. 'कार्तिक'ची प्रतिकृती एकास पाच या प्रमाणात केली, तर पंखविस्तार तीन मीटर होईल. लांबी पाचपट घटली म्हणजे क्षेत्रफळ पंचवीसपट घटते आणि घनफळ एकशे पंचवीसपट घटते. मूळ ग्लायडराचे वैमानिकासह वजन ३०० किलोग्रॅम धरले, तर त्याच नियमाने प्रतिकृतीचे वजन २.४ किलोग्रॅम यावे. वजन १२५ पट घटले आणि पंखाचे क्षेत्रफळ २५ पटच घटले, म्हणून प्रत्येक चौरस सेंटिमीटर पंखावर येणारा भार एकपंचमांश होतो. तरंगत राहण्यास लागणारा वेग या भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. तेव्हा सेकंदाला २० मीटर वेगाने उडणाऱ्या ग्लायडराची प्रतिकृती सेकंदाला ९ मीटर वेगाने उडेल.

येथवर गणित अनुकूल आहे. परंतु हवा स्वतः लहान होत नाही, आणि तिचा चिकटपणाही कमी होत नाही. पंखाची रुंदी व वेग यांचा गुणाकार करून त्यास हवेच्या चिकटपणाच्या मापाने भागले म्हणजे जी संख्या येते, तिला रेनल्ड्स संख्या म्हणतात. मूळ ग्लायडराच्या बाबतीत ती बारा लाखांच्या आसपास असेल, तर एकास पाच प्रतिकृतीच्या बाबतीत ती केवळ एक लाखाच्या थोडी वर येते. एवढ्या लहान संख्येस पंखावरून वाहणारी हवा पंखाच्या पृष्ठभागापासून सहज सुटते. मोठ्या पंखाला शोभणारा जाड छेद लहान पंखास मारक ठरू शकतो. म्हणून जाणता कारागीर बाह्याकृती मूळची ठेवतो, पण पंखाचा छेद प्रतिकृतीस मानवेल असा निवडतो. पुष्कळदा शेपटीचा आडवा पंखही थोडा मोठा करावा लागतो. निष्ठा कोठे राखावी आणि सवलत कोठे घ्यावी, हा निर्णय विद्यार्थ्याने कारणे देऊन घ्यावयाचा असतो. अभियंत्याचे खरे शिक्षण ते हेच.

या गणितात स्थळाचाही वाटा आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा अंदाजे आठ ते नऊ टक्क्यांनी विरळ असते. परिणामी तोच ग्लायडर तरंगत राहण्यासाठी बंगळूरला सुमारे चार टक्के अधिक वेग मागतो. मुंबईच्या विद्यार्थ्याने बांधलेला ग्लायडर बंगळूरच्या माळावर थोडा वेगाने उतरला, तर तो वाऱ्याचा लहरीपणा नसून भूगोलाचा धडा असतो.

लाकूड आणि हात

प्रतिकृतीच्या बांधणीत बाल्सा हे लाकूड प्रसिद्ध आहे. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या या लाकडाच्या एका घनमीटरचे वजन साधारणतः दीडशे किलोग्रॅमच्या आसपास असते. सागवानाचे त्याच्या चौपट भरते. बाल्सा फासळ्यांसाठी, स्प्रूससारखे सरळ रेषांचे लाकूड पंखाच्या तुळईसाठी आणि पातळ प्लायवूड जोडाच्या जागांसाठी वापरण्याची रीत आहे. बाल्सा महाग पडत असेल, तर देशी साधनांचा विचार करावा. पतंग करणारे कारागीर बांबूच्या ज्या कामट्या तासतात, त्या कडांसाठी व शेपटीच्या चौकटीसाठी उत्तम असतात. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्यापासून घडविली गेली, ते लाकूडही हलके आहे. कोणत्या लाकडाचा एक घनसेंटिमीटर किती भरतो आणि त्याची पट्टी किती वजनाने मोडते, हे शाळेच्या तराजूवर तपासून तक्ता करणे हा एक स्वतंत्र प्रयोग होईल.

बांधणीचा क्रम असा असतो. प्रथम पूर्ण आकाराचा आराखडा सपाट फळीवर पसरून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणतात. फळी सपाट आहे की नाही, हे आधी पाहणे अत्यंत आवश्यक. तिला पीळ असेल तर तो पीळ पंखात उतरतो. पंख टोकाकडे निमुळता होत जात असल्यामुळे त्याची प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची असते. त्यासाठी मुळाच्या व टोकाच्या फासळीचे दोन साचे प्लायवूडचे करतात, त्यांच्यामध्ये बाल्साचे आयताकृती तुकडे पत्त्यांच्या गड्डीसारखे रचून बोल्टने आवळतात आणि संपूर्ण गड्डी रंध्याने व काचकागदाने घासून साच्यांच्या पातळीस आणतात. गड्डी सुटली म्हणजे मापात उतरत जाणाऱ्या फासळ्यांची रांग हाती येते. भूमितीतील प्रमाणाचा नियम याहून स्पष्टपणे क्वचितच हाताला कळत असेल.

मग तुळईच्या खालच्या पट्टीवर फासळ्या गुण्याने काटकोनात उभ्या करावयाच्या, त्यांवर वरची पट्टी बसवावयाची आणि दोन पट्ट्यांमध्ये उभ्या रेषांचे पातळ तुकडे चिकटवावयाचे. पंख वर वाकू लागला म्हणजे वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधले तुकडे त्या दोहोंना एकमेकींवरून सरकू देत नाहीत. पुलाच्या तुळईतही हेच तत्त्व आहे. त्यानंतर पुढची कड मढवून तिची बंद पेटी झाली म्हणजे तोवर हातात लवचीकपणे वळणारा पंख एकाएकी ताठ होतो. हा बदल बोटांना जाणवतो, आणि एकदा जाणवला म्हणजे विसरत नाही.

वजनाकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवे. गुरुत्वमध्य साधारणतः पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढल्या चतुर्थांशापासून तृतीयांशापर्यंतच्या पट्ट्यात यावा लागतो. शेपटी त्याच्या मागे ९० सेंटिमीटर आणि नाकातील शिसे त्याच्या पुढे ३० सेंटिमीटर असेल, तर शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात तीन ग्रॅम शिसे मागतो. म्हणजे शेपटीच्या टोकावर लावलेल्या जास्तीच्या डिंकाच्या एका थेंबाची किंमत चौपट होते. तरफेचा नियम विद्यार्थी सातवी-आठवीत पाठ करतो. येथे तो नियम त्याच्या खिशातून वजनाचा दंड वसूल करतो.

रेडिओची साथ

काही शिक्षक विचारतील की, लाकडाचे एवढे महत्त्व असेल, तर रेडिओ कशास हवा? मोकळा सोडलेला ग्लायडर वाऱ्याच्या मर्जीने जातो आणि पुष्कळदा हरवतो. दोनशे तासांच्या श्रमाची वस्तू परत आणण्याचे साधन म्हणून रेडिओ आवश्यक आहे. शिवाय त्याचे स्वतःचे शिक्षणमूल्य आहे. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३० च्या दशकात रेडिओने चालणारे छोटे विमान यशस्वीपणे उडविले, तेव्हा त्यांना सर्व उपकरणे स्वतः करावी लागली. आज २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारी उपकरणे बाजारात सहज मिळतात. भारतात हा पट्टा मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला.

ग्लायडरातील सर्व्हो हे छोटेसे यंत्र नियंत्रणशास्त्राचा उत्तम नमुना आहे. ग्राहकाकडून त्यास दर सेकंदाला सुमारे पन्नास विद्युत्स्पंद मिळतात. स्पंद दीड सहस्रांश सेकंदाचा असेल, तर दांडी मध्यावर राहते. तो एक सहस्रांशाकडे घटला की एका बाजूस आणि दोन सहस्रांशाकडे वाढला की दुसऱ्या बाजूस वळते. दांडी कोठे असावी आणि ती प्रत्यक्षात कोठे आहे, यांतील फरक मोजून मोटार तो फरक शून्यावर आणते. इलेक्ट्रॉनिक सिटीतील विद्यार्थ्यास हे तत्त्व संगणकावर लिहून दाखविता येईल. ग्लायडरात ते वाऱ्याच्या विरुद्ध उभे राहून काम करताना दिसते.

लांब पंखांचा ग्लायडर चालविणे हाही एक धडाच असतो. केवळ एलेरॉन वापरून तो डावीकडे कलविला, तर त्याचे नाक क्षणभर उजवीकडे ओढले जाते. कारण वर उचलला जाणारा पंख अधिक रोध निर्माण करतो. म्हणून रडरची साथ द्यावी लागते. खऱ्या 'कार्तिक'च्या वैमानिकाचे पाय जे करीत, तेच आता विद्यार्थ्याच्या अंगठ्याला शिकावे लागते.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप वेळेचा. फेसाच्या तयार पंखांचा ग्लायडर एका दुपारी जुळतो. लाकडी प्रतिकृतीस सहा-आठ महिने लागतात. हे खरे आहे. परंतु झाड लवकर वाढत नाही म्हणून कोणी कागदाचे झाड लावीत नाही. वर्षभर आठवड्याचे तीन-चार तास आणि सहा-सात विद्यार्थ्यांचा गट एवढे मिळाले, तर काम पार पडते. त्यातही आरंभी एक-दीड मीटर पंखांचा साधा ग्लायडर बांधून मग प्रमाणबद्ध प्रतिकृतीकडे वळणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरा आक्षेप असा की, लेसरने फासळ्या कापणारी यंत्रे असताना हाताने घासण्याचा आग्रह म्हणजे जुन्या काळाची हौस होय. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. यंत्राचा उपयोग अवश्य करावा. फासळ्यांची मापे संगणकाकडून काढून घेण्यात विद्यार्थ्याचा तोटा नाही. मात्र एक पंख तरी हाताने घडविलेला असावा. ज्याने लाकूड स्वतः कापले आहे, त्यास यंत्राने कापलेला तुकडा रेषेच्या आडवा आहे हे दिसते. ज्याने ते कापले नाही, त्याला तो तुकडा आराखड्याप्रमाणे बिनचूक वाटतो, आणि तो पहिल्या वळणातच मोडतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. दोन किलो वजनाची वस्तू सेकंदाला नऊ मीटर वेगाने कोणावर आदळली तर इजा होईल. लाकडाची भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून मुखपट्टी हवी, पात्यांचा वापर शिक्षकासमोर व्हावा आणि लिथियमच्या विद्युत्घटांचे भारण कोणाच्या तरी नजरेखालीच व्हावे. उड्डाणासाठी रस्ते, वस्ती आणि विजेच्या तारा यांपासून दूर असलेले मोकळे मैदान पाहिजे. दाट बांधकामाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत ते मिळणार नाही, त्यासाठी वसाहतीबाहेर जावे लागेल. केंद्र शासनाच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी व छंदासाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, पंचवीस किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख असून त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. तथापि आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडलेले आहेत. बंगळूरसारख्या अनेक विमानतळांच्या शहरात नकाशा पाहिल्यावाचून काहीही उडवू नये. नोंदणीच्या व वजनाच्या वर्गानुसार लागू होणाऱ्या अटी शिक्षकाने मुळातून वाचून घ्याव्यात. नियम पाळून उडविणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

शाळांनी काय करावे

प्रयोगशाळेच्या खरेदीयादीत सपाट फळी, रंधा, बारीक करवत, गुण्या, शिकंजे, कानशी आणि एक ग्रॅमपर्यंत अचूक तराजू यांना स्थान द्यावे. त्यांचा खर्च इतर यंत्रांच्या मानाने किरकोळ असतो. आठवड्यातून एक दिवस गावातील सुताराला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेत विमानप्रतिकृती बांधण्याचे शिक्षण दिले जाते; जेथे ती शाखा आहे तेथे तिचे साहाय्य घ्यावे. इलेक्ट्रॉनिक सिटीतील अभियंत्यांनी आपल्या भागातील शाळांना रविवारचे दोन तास दिले, तर संगणकाचे ज्ञान आणि सुताराचे कसब एकाच टेबलाशी येईल. सार्वजनिक ग्रंथालयांनी भारतीय ग्लायडरांचे आराखडे व छायाचित्रे मिळवून ती विद्यार्थ्यांस पाहण्यास ठेवावीत.

प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. तीत प्रत्येक भागाचे वजन, अपेक्षित व प्रत्यक्ष गुरुत्वमध्य, गवतावर हाताने सोडलेल्या पहिल्या झेपांची अंतरे आणि प्रत्येक मोडतोडीचे कारण लिहावे. ग्लायडर मोडेल, हे गृहीत धरावे. मोडलेला पंख उघडून पाहिला म्हणजे डिंक कोठे सुटला, रेषा कोठे आडवी गेली हे दिसते. दुरुस्त केलेला पंख पुन्हा उडाला म्हणजे अपयशाचे भय जाते. स्पर्धाच घ्यावयाची असेल, तर गुण केवळ उड्डाणकाळास देऊ नयेत; अर्धे गुण त्या वहीला द्यावेत.

देशाला संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे हवेत, तसेच उद्याची विमाने, पवनचक्क्या आणि पूल घडविणारेही हवेत. पदार्थ कोणत्या भाराखाली वाकतो आणि कोणत्या भाराखाली मोडतो, याची जाण त्या दोघांनाही लागते, आणि ती पडद्यावरून मिळत नाही. तीन मीटर पंखांचा एक लाकडी ग्लायडर सकाळच्या हवेत विद्यार्थ्यांच्या हातून सुटतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक फासळीस कोणाचे तरी नाव असते. पन्नास हजार प्रयोगशाळांपैकी काही थोड्या शाळांनी जरी हा उपक्रम हाती घेतला, तरी डॉ. घाटगे यांच्या पिढीने बंगळुरात जे काम ग्लायडरापासून आरंभिले, ते पुढे नेणारे हात या देशात तयार होतील.